जिस्ट: गाठ केवढी, हे विचारण्याआधी गाठ कुठे?

कॅन्सर म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘कितवी स्टेज?’ जिस्ट, म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, या गाठीबाबत त्याचं पुरतं उत्तर शस्त्रक्रियेआधी बहुधा मिळत नाही.

ही गाठ पचनमार्गाच्या अस्तरात नाही, भिंतीच्या स्नायूथरात वाढते. आतड्यांच्या हालचालींची लय राखणाऱ्या काहाल पेशींशी तिचं नातं आहे. साठ टक्क्यांच्या आसपास गाठी जठरात होतात, उरलेल्यांपैकी बहुतेक लहान आतड्यात. वरचं अस्तर शाबूत असल्याने एंडोस्कोपीत नुसता फुगवटा दिसतो आणि चिमटीने घेतलेल्या तुकड्यात पुष्कळदा निरोगी अस्तरच येतं. म्हणून एंडोस्कोपिक सोनोग्राफी करत आतूनच सुई घालतात. गाठ नाजूक असते. ती पोटात फुटली, तर आजार उलटण्याचा धोका एकदम वरच्या पायरीवर जातो, मग ती आपोआप फुटलेली असो वा ऑपरेशन करताना.

नमुन्यावर सीडी११७ आणि डॉग१ या जिस्ट ओळखणाऱ्या प्रथिनांच्या चाचण्या होऊन निदान पक्कं झालं की पॅथॉलॉजिस्ट मोजायला बसतो: गाठीचा सर्वांत मोठा व्यास किती आणि ५ चौरस मिलिमीटर भागात विभाजन पावणाऱ्या पेशी किती. सीमारेषा पाचची. पाचपर्यंत असतील तर वेग कमी, त्याहून जास्त असतील तर वेगवान. सुईने मिळालेल्या इवल्याशा तुकड्यात ही मोजणी विश्वासाने करता येत नाही. पूर्ण गाठ हातात आल्यावरच हा आकडा खरा.

आणि जागा. मिएटिनेन आणि लासोटा या पॅथॉलॉजिस्टनी शेकडो रुग्णांचा वर्षानुवर्षं माग काढला, तेव्हा जागेचं वजन कळलं. समजा गाठ सात सेंटिमीटरची आहे आणि पेशींचा वेग कमी आहे. ती जठरात असेल, तर आजार पुढे सरकण्याची शक्यता चार टक्क्यांच्याही आत. तीच लहान आतड्यात असेल तर सुमारे चोवीस टक्के! हे आकडे मुख्यतः केवळ शस्त्रक्रिया होत असे त्या काळातले आहेत, पण दोहोंतला फरक आजही ग्राह्य धरतात. म्हणून टीएनएम या स्टेज ठरवण्याच्या पद्धतीत जठरासाठी वेगळा तक्ता आहे, लहान आतड्यासाठी वेगळा. पहिल्यात ही गाठ स्टेज १बी, दुसऱ्यात स्टेज २. जिस्ट लसीका ग्रंथींत क्वचितच जाते. पसरली तर यकृतात आणि पोटाच्या आतल्या आवरणावर, त्यामुळे सीटी स्कॅनमध्ये तिथे बारकाईने बघावं लागतं.

माझ्या मते रिपोर्टमधली सर्वांत दुर्लक्षित ओळ जनुकाची. १९९८ साली जपानी संशोधकांनी जिस्टमधला किट जनुकातला बदल दाखवला आणि चारच वर्षांत, त्या बदलाचा परिणाम रोखणाऱ्या इमॅटिनिब या गोळीला जिस्टसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. पण गोळी सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. किटच्या एक्सॉन ११ (जनुकाचा एक तुकडा) मधल्या बदलात प्रतिसाद उत्तम, एक्सॉन ९ मध्ये पसरलेल्या आजारात अनेकदा दुप्पट मात्रा, आणि पीडीजीएफआरए जनुकातल्या डी८४२व्ही बदलात जवळपास काहीच उपयोग नाही. मोठ्या धोक्याच्या गाठीनंतर ही गोळी किमान तीन वर्षं देतात. तेव्हा ती सुरू करण्याआधी जनुकाची तपासणी व्हायलाच हवी.

गोळी सुरू झाल्यावरचा पहिला स्कॅन घरच्यांना हमखास घाबरवतो. औषध लागू पडलं तरी गाठ लगेच आक्रसत नाही. आतून मरून पातळ होते, कधी थोडी फुगतेही. सीटी स्कॅनवरून औषधाचा परिणाम मोजणाऱ्या चोई निकषांनुसार व्यास १० टक्के किंवा घनता १५ टक्के घटली, तरी प्रतिसाद चांगला मानतात. नुसते सेंटिमीटर बघणारा वाचक याच रिपोर्टवरून चालू असलेलं औषध बंद करून बसेल.