तापातले तीन-चार दिवस आणि मधुमेह

मेडिसिन वॉर्डातले केस पेपर चाळले तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. मधुमेही रुग्णाच्या निदानाच्या रकान्यात पहिल्या ओळीवर मधुमेह क्वचितच असतो. तिथे न्यूमोनिया असतो, लघवीचा जंतुसंसर्ग असतो, हार्ट अटॅक, पक्षाघात, चिघळलेला पाय किंवा थकलेली किडनी असते. मधुमेह येतो दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत: 'डायबेटिस, १२ वर्षे, गोळ्या चालू'. नुसता शुगरचा आकडा मोठा आला म्हणून ॲडमिट कराव्या लागणाऱ्यांची संख्या त्या मानाने थोडी. शुगर ३०० आहे, पण माणूस चालता-बोलता आहे, जेवतो आहे, तर बहुतेक वेळा औषधं बदलून त्याला घरी पाठवता येतं. शुगर २०० च आहे, पण दोन दिवस उलट्या होताहेत आणि धाप लागली आहे, तर मात्र एक तासही दवडता येत नाही.

आयसीएमआर-इंडियाब ही मधुमेहाची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. ती सांगते की भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमधलं प्रमाण ११.४ टक्के, आणि गोव्यात तर २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे एक. इतक्या घरांत हा आजार नांदतो आहे. पथ्य, चालणं, साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) यांवर आपण उदंड बोलतो. पण मधुमेही माणसाला ताप आला, जुलाब लागले, तर त्या दिवसांत औषधांचं काय करायचं, हे फारच थोड्या घरांना ठाऊक असतं. ही उणीव मला फार खुपते, कारण रुग्णालयात पोहोचण्याचे कितीतरी प्रसंग याच दिवसांत घरी ठरतात.

'जेवणच जात नव्हतं, म्हणून इन्सुलिन दिलं नाही.' नातेवाइकांकडून हे वाक्य वारंवार ऐकू येतं. त्यामागचा विचार सरळ आहे: खाल्लं नाही, तर साखर वाढेल कशी? पण रक्तातली सगळी साखर ताटातून येत नाही. यकृत स्वतः साखर तयार करतं आणि रक्तात सोडतं. शरीरात जंतुसंसर्ग शिरला की ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन ही संप्रेरकं वाढतात. ती यकृताकडून आणखी साखर सोडवून घेतात आणि इन्सुलिनचा परिणामही कमी करतात. त्यामुळे पोटात अन्नाचा कण नसला तरी तापात इन्सुलिनची गरज बहुधा वाढलेली असते.

नेमकं तेव्हाच इन्सुलिन बंद झालं, की पेशींना साखर वापरता येत नाही आणि शरीर चरबी जाळू लागतं. त्या चरबीपासून यकृत कीटोन नावाची आम्लं बनवतं. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (आम्ल वाढलं की तो उतरतो), एरवी ७.३५ ते ७.४५ च्या अरुंद पट्ट्यात असतो, तो ७.३ च्या खाली घसरतो. आम्ल बाहेर टाकण्यासाठी श्वास खोल आणि जोरात चालू लागतो, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो. पोट दुखतं, उलट्या होतात, आणि घरचे समजतात की पित्त झालं. लघवीवाटे साखर जाताना पाणीही ओढून नेते; मोठ्या माणसाच्या शरीरातलं पाच-सहा लिटर पाणी असं निघून जाऊ शकतं. याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मधुमेहात, तो जास्त दिसतो, पण मोठा संसर्ग झाला तर टाइप २ चे, म्हणजे नेहमी दिसणाऱ्या मधुमेहाचे, रुग्णही त्यातून सुटत नाहीत.

त्यावरचे उपचार आयसीयूत का करावे लागतात, हे जवळून पाहण्यासारखं आहे. आधी सलाईन धावतं, कारण शरीर कोरडं पडलेलं असतं. मग पोटॅशियमचा रिपोर्ट बघतात. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं, त्यामुळे ते आधीच कमी असेल तर इन्सुलिनने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी आधी पोटॅशियम देऊन इन्सुलिन थोडं थांबवावं लागतं. मग पंपातून संथ इन्सुलिन, दर तासाला शुगर, दर दोन-चार तासांनी पोटॅशियम. शुगर उतरत २०० ते २५० च्या घरात आली की सिस्टर साखरेचं सलाईन जोडतात, आणि नातेवाईक घाबरतात: शुगरच्या पेशंटला ग्लुकोज? त्याचं कारण असं, की साखर लवकर उतरते, पण आम्ल उतरायला वेळ लागतो. आम्ल जाईपर्यंत इन्सुलिन चालू ठेवायचं असतं, आणि तोवर साखर फार खाली जाऊ नये म्हणून ग्लुकोजचा आधार द्यायचा असतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय आणि किडनीसाठी त्या फार उपयोगी आहेत, आणि अलीकडे स्वस्त झाल्यामुळे पुष्कळ जणांच्या चिठ्ठीवर असतात. या गोळ्या चालू असताना उलट्या-जुलाब झाले, कडक उपास घडला किंवा ऑपरेशनसाठी उपाशी राहावं लागलं, तर शुगर १८० असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा दिसतो आणि माणूस मात्र आत खचत जातो. म्हणून अशा आजारपणात ही गोळी थांबवायची का, हे लगेच डॉक्टरांना फोन करून विचारावं. इन्सुलिनचं मात्र उलट आहे. त्याचा डोस कमी-जास्त होईल, पण टाइप १ च्या रुग्णाने ते पूर्ण बंद करायचं नाही.

एके काळी मधुमेही माणसाचा शेवट बहुधा याच आम्लामुळे, बेशुद्धीत होत असे. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेला तो पहिला अर्क अशुद्ध होता. काही दिवसांनी जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हा साखर उतरली आणि कीटोनही गेले. तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षं जगला आणि १९३५ साली गेला, तो न्यूमोनियाने. इन्सुलिनने लोकांना बेशुद्धीतून वाचवलं, आयुष्य दिलं, आणि त्या वाढलेल्या आयुष्यात संसर्ग, पाय, हृदय आणि किडनी हे प्रश्न पुढे आले. आजचे वॉर्ड त्याच प्रश्नांनी भरलेले आहेत.

संसर्गाचं एक उदाहरण महाराष्ट्र विसरलेला नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमधून उठलेल्या हजारो लोकांना म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी', झाला आणि त्यांत मधुमेही बहुसंख्य होते. साखर जास्त असली की पांढऱ्या पेशींची मारक शक्ती मंदावते. त्यात रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि ही बुरशी त्या लोहावर पोसते. कोविडसाठी दिलेल्या स्टेरॉइडने साखर आणखी चढवली होती. अनेकांचे डोळे गेले, अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला.

पायाची गोष्ट याहून संथ आणि रोजची. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की तळपायाच्या नसा बधिर होतात. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी कळलं नाही, असं रुग्ण स्वतःच सांगतात. अशा पायांनी देवळाच्या तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घातली, तर फोड आलेले संध्याकाळी दिसतात. भेगांना बिब्बा लावणं, कुरूप ब्लेडने कापणं, थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणं, यातून झालेल्या जखमा नेहमी पाहायला मिळतात. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो, जखम दाबली जाते, पू हाडापर्यंत उतरतो. मग ॲडमिट होणं, मेलेला भाग काढणं, रोजचं ड्रेसिंग, कधी एक बोट, कधी पाऊल. रोज रात्री दोन मिनिटं तळपाय बघणं, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघणं, याने यातलं बरंच टळतं. छोट्या मुलाला सांगितलं तर तोही आजोबांचा पाय तपासू शकतो.

हृदयाबद्दल थोडक्यात. नसांवरच्या याच परिणामामुळे काही मधुमेहींना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही. नुसता दरदरून घाम, धाप, गळून गेल्यासारखं वाटणं, 'गॅस झालाय' अशी तक्रार. अशा वेळी ईसीजी काढून घ्यावा.

साखर एकदम उतरणं हेही भरती होण्याचं मोठं कारण आहे, आणि त्यात वयस्कर माणसं जास्त. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवण असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. एकादशीचा उपास धरला आणि गोळी मात्र नेमाने घेतली, की दुपारपर्यंत शुगर ७० च्या खाली येते: हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. व्होग्लिबोज ही पिष्ट आणि साखरेचं पचन मंदावणारी गोळी चालू असेल तर घरातली साखर पोटात लवकर फुटत नाही. तिथे ग्लुकोजची पावडरच लागते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही.

रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज दिलं की रुग्ण काही मिनिटांत डोळे उघडतो, आणि घरचे लगेच डिस्चार्ज मागतात. तो देत नाहीत, कारण ग्लुकोज तासाभरात संपतं आणि गोळीचा अंमल पुढे कितीतरी तास चालू राहतो. किडनी कमजोर असेल तर एक-दोन दिवसही.

घरी गेल्यावरचा पहिला आठवडाही असाच नाजूक असतो. संसर्गाच्या दिवसांत वाढवलेला इन्सुलिनचा डोस डिस्चार्ज कार्डावर तसाच लिहिलेला असतो. ताप गेला, स्टेरॉइड थांबलं, की शरीराची गरज उतरते आणि तोच डोस जड होतो. म्हणून त्या आठवड्यात रोज सकाळी उपाशीपोटी शुगर मोजून वहीत लिहावी, आणि आकडा १०० च्या खाली घसरू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डोस कमी करून घ्यावा.