गजाने वाजणारी तार आणि गिटारची पेडल्स

१९६२ मध्ये बाजारात आलेल्या माएस्ट्रो फझ-टोन या पेडलची (पायाने चालू-बंद करायचे, गिटारचा आवाज बदलणारे उपकरण) जाहिरात करताना, ते गिटारला जोडल्यास पितळी वाद्यांसारखा किंवा चेलोसारखा (व्हायोलिनच्या कुळातले खालच्या स्वरांचे वाद्य) आवाज मिळेल, असे सांगितले जात होते. दावा अतिशयोक्त असला तरी त्यामागची गरज खरी होती. छेडलेल्या तारेचा स्वर उमटताक्षणीच विरू लागतो, तर गजाने काढलेला स्वर गज चालेल तोवर टिकतो. पेडल ज्या गुणाची उसनवारी करू पाहत होते, तो व्हायोलिनपाशी आधीपासूनच होता. त्यामुळे गिटारसाठी घडवलेली ही उपकरणे व्हायोलिनला जोडली की निराळी वागतात, आणि त्याचे कारण तारेच्या हालचालीत दडलेले आहे.

राळ लावलेला गज फिरू लागला की तार त्याला चिकटून काही काळ त्याच्याबरोबर ओढली जाते, मग सुटून झटकन मागे येते आणि पुन्हा चिकटते. ४४० हर्ट्झचा स्वर वाजत असताना हे चक्र सेकंदाला ४४० वेळा पूर्ण होते. एकोणिसाव्या शतकात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी खास बनवलेल्या सूक्ष्मदर्शकातून ही हालचाल पाहिली, तेव्हा तारेवरून एक टोकदार कोपरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सतत धावत असल्याचे त्यांना आढळले. परिणामी घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्यावर, पडणाऱ्या बलाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. अशा तरंगात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सर्व वारंवारतांचे उपस्वर हजर असतात. दुसऱ्याचा जोर साधारण निम्मा, तिसऱ्याचा एक-तृतीयांश, असा तो क्रम असतो. गिटारचे वरचे उपस्वर लवकर ओसरतात, इथे मात्र ते गज चालू असेपर्यंत कायम राहतात.

हा तरंग पेडलपर्यंत पोहोचवणे हीच पहिली अडचण असते. अनेक व्हायोलिनच्या तारांचा गाभा कृत्रिम धाग्याचा किंवा आतड्याचा असल्याने पोलादी तारेची हालचाल विजेत बदलणारा गिटारचा चुंबकीय पिकअप तिथे कामाचा नसतो. त्याऐवजी घोडीत किंवा घोडीखाली दाबविद्युत स्फटिक बसवतात. काही स्फटिक दाबले असता त्यांच्यात विद्युतभार निर्माण होतो, हा शोध प्येर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये लावला होता. असा स्फटिक विजेच्या दृष्टीने एक छोटासा धारक (विद्युतभार साठवणारा कपॅसिटर) असतो, आणि पुढच्या उपकरणाचा रोध कमी असेल तर मंद्र स्वर गळून जातात. धारकता १ नॅनोफॅरड आणि पेडलचा रोध १ लाख ओहम असेल, तर सुमारे १,६०० हर्ट्झच्या खालचे सगळेच क्षीण होऊ लागते. व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारांचे मूळ स्वर, म्हणजे १९६ ते ६५९ हर्ट्झ, याच पट्ट्यात येतात. रोध १ कोटी ओहम केला की ही मर्यादा १६ हर्ट्झपर्यंत उतरते. ‘पेडल लावल्यावर आवाज पत्र्यासारखा येतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच असते, आणि साखळीच्या आरंभी मोठ्या रोधाचा एक साधा प्री-अँप (आरंभीचा वर्धक) ठेवला की ती दूर होते.

डिस्टॉर्शन पेडल तरंगाचे माथे छाटते आणि त्यातून नवे उपस्वर जन्मतात. व्हायोलिनमध्ये उपस्वरांची वाण मुळातच नसल्याने एकट्या स्वरावर याचा लाभ अपेक्षेपेक्षा कमी होतो. उलट राळेची खरखर आणि गजाची घासणी आवाजाच्या बरोबरीला येऊन बसतात. दोन तारा एकदम वाजवल्यावर मात्र प्रकरण रंगतदार होते, कारण छाटणीमुळे त्या दोन वारंवारतांच्या फरकाचाही स्वर निर्माण होतो. ४४० आणि ६६० हर्ट्झ ही षड्ज-पंचमाची जोडी २२० हर्ट्झचा, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज देते. शुद्ध गंधार ५५० हर्ट्झला असेल तर फरक ११० हर्ट्झ, म्हणजे पुन्हा षड्जच. पण तोच गंधार ५५५ हर्ट्झवर लागला तर फरक ११५ होतो. वरच्या स्वरातली एका टक्क्याहूनही कमी असलेली चूक खाली साडेचार टक्क्यांची होते आणि सारा आवाज किरकिरतो. पडद्यांनी बांधलेल्या गिटारवर समविभागी (बारा सारख्या अंतरांत वाटलेल्या) सप्तकातला गंधार ५५४ हर्ट्झच्या आसपासच राहतो, त्यामुळे तिथले वादक डिस्टॉर्शन चालू असताना गंधाराची जोडी टाळून पंचमाची धरतात. व्हायोलिनला पडदे नाहीत. बोट किंचित मागे घेऊन गंधार शुद्ध करता येतो. माझ्या मते, व्हायोलिनवर डिस्टॉर्शन वापरण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे, आणि आश्चर्य म्हणजे त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

वाह-वाह पेडल काही निर्माण करत नाही. ते वारंवारतांचा एक अरुंद पट्टा उठावदार करते आणि पायाच्या हालचालीबरोबर तो पट्टा वर-खाली सरकवते. उपस्वरांनी भरलेल्या, न विरणाऱ्या स्वरावर ते अतिशय खुलते, कारण पट्टा जिथे जाईल तिथे उचलायला काहीतरी असतेच. काही वारंवारता क्षीण करणाऱ्या खाचा वर-खाली सरकवणाऱ्या फेजर पेडललाही हाच न्याय लागू पडतो. १९७० च्या दशकात फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक ज्याँ-लुक पोंती यांनी अशी साधने विद्युत व्हायोलिनवर भरपूर वापरली. स्वराच्या आघातावर आपोआप उघडणारे वाह पेडल मात्र गजापुढे गोंधळते, कारण गजाचा स्वर आघाताने नव्हे, तर हळूहळू चढत सुरू होतो.

अष्टक पेडलचा जुना प्रकार तरंगाच्या फेऱ्या मोजून दर दोन फेऱ्यांना एक फेरी बाहेर टाकतो, त्यामुळे १९६ हर्ट्झचे ९८ होतात आणि व्हायोलिन चेलोच्या प्रदेशात उतरते. दुसरा उपस्वर फार बलवान झाला की मोजणी चुकते आणि स्वर सप्तक सोडून उडी मारतो. म्हणून उपस्वर गाळणारा फिल्टर मोजणीपूर्वीच लावलेला असतो. दोन तारा एकदम वाजवल्यास हे पेडल पार गांगरते.

डिले, म्हणजे स्वराचा प्रतिध्वनी थोड्या वेळाने ऐकवणाऱ्या पेडलबाबत गिटारवादकाची सवय इथे उपयोगी पडत नाही. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्या अंतराने येणारा प्रतिध्वनी छेडलेल्या स्वराच्या मागे सुटा ऐकू येतो, पण गजाचा लांब स्वर त्याला झाकून टाकतो. मींड घेतली तर प्रतिध्वनी मागच्या स्वरावर आणि वादक पुढच्या स्वरावर, असा बेसूरही होतो. तुटक गज किंवा बोटाने छेडलेली तार, एवढ्यापुरतेच हे पेडल स्पष्ट बोलते.

पोकळ पेटीच्या व्हायोलिनवर स्पीकरचा आवाज परत पेटीत शिरून शिट्टी उठण्याचा धोका राहतो, विशेषतः आतल्या हवेच्या २७० ते २८० हर्ट्झच्या अनुनादाजवळ. डिस्टॉर्शन हलके आवाज मोठे करत असल्याने तो धोका वाढतोच. भरीव लाकडाच्या विद्युत व्हायोलिनमध्ये पेटीच नसल्याने तो बराच टळतो, मात्र पेटीने दिलेला रंगही जातो. तो परत आणण्यासाठी एखाद्या चांगल्या व्हायोलिनच्या घोडीवर छोटी हातोडी मारून पेटीचा प्रतिसाद ध्वनिमुद्रित करतात, आणि एक डिजिटल पेडल त्या नोंदीच्या आधारे पिकअपच्या कोरड्या तरंगाला पेटीचा रंग चढवते.