मंदावलेल्या नजरेचा शोध: डॉ. नोशीर वाडिया यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

चालताना तोल जाणारा आणि बोलताना अडखळणारा रुग्ण पुण्यातील एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडे आला, तर त्याला मान न हलवता एका बोटावरून दुसऱ्या बोटाकडे झटकन पाहायला सांगितले जाते. नजर झेप घेण्याऐवजी संथपणे सरकली, तर घराण्यात आणखी कोणाला असा त्रास आहे का, याची चौकशी होते आणि एससीए-2 (स्पायनोसेरेबेलर ॲटॅक्सिया प्रकार 2) या आनुवंशिक विकाराची जनुकचाचणी सुचवली जाते. या साध्या तपासणीला निदानात जे स्थान मिळाले, त्यामागे मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया यांचे काम आहे.

वाडिया यांचा जन्म 1925 मध्ये सुरत येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील शिक्षण आणि लंडनमधील प्रशिक्षणानंतर 1950च्या दशकात ते परतले आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी न्यूरॉलॉजीची घडी बसवली. मेंदूचे स्कॅन तेव्हा उपलब्ध नव्हते. रुग्णाचे बारकाईने निरीक्षण आणि त्याच्या कुटुंबाची खोलवर चौकशी हीच मुख्य साधने होती. त्यांच्याच आधारे वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी नऊ घराण्यांचा अभ्यास करून 1971 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. लहान मेंदूच्या ऱ्हासाबरोबर डोळ्यांच्या हालचाली विलक्षण मंदावणारा हा आनुवंशिक विकार वेगळा मानला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आनुवंशिक ॲटॅक्सियांचे, म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ बिघडवणाऱ्या विकारांचे, वर्गीकरण अत्यंत गोंधळाचे असताना एका लक्षणावर एवढा भर देणे धाडसाचेच होते, आणि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे काम मला हेच वाटते.

एससीए-2चे जनुक 1996 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, सापडले. बाराव्या गुणसूत्रावरील या जनुकात सीएजी या डीएनएतील तीन अक्षरांची पुनरावृत्ती प्रमाणाबाहेर वाढते. पुढे 1998 मध्ये वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय घराण्यांचे जनुकीय विश्लेषण मांडून मंद नजरेचे निदानातील महत्त्व पुन्हा अधोरेखित केले.

त्यांचे दुसरे मोठे काम साथीतून उभे राहिले. 1971 मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ पसरली आणि त्यानंतर काही प्रौढ रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडले. या दोन घटनांचा संबंध वाडिया, इराणी आणि कतरक यांनी 1972 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून मांडला, साथीमागील विषाणू एंटरोव्हायरस 70 या नावाने ओळखला जातो. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (एनआयव्ही), 1965 मध्ये वेगळ्या केलेल्या चांदीपुरा विषाणूची वाट नेमकी उलटी होती. तो विषाणू आधी प्रयोगशाळेत ओळखला गेला आणि 2003 मध्ये आंध्र प्रदेशातील मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आल्यावर त्याचा मेंदूवरील घातक परिणाम ठळकपणे पुढे आला.

वाडिया यांना 2012 मध्ये पद्मभूषण मिळाले. 2016 मध्ये, वयाच्या 91व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.