इंटिग्रेटेड ज्युनियर कॉलेज आणि अंगठ्याची हजेरी : पार्श्वभूमी

इंटिग्रेटेड कॉलेज म्हणजे अकरावी-बारावीचं कॉलेज आणि प्रवेश परीक्षांचा खासगी क्लास यांची सांगड; अंगठ्याची हजेरी म्हणजे सरकारने तिथे सक्तीची केलेली बायोमेट्रिक हजेरी. हे इथवर कसं आलं ते पाहू. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी आली, आणि १९७७ मध्ये बारावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली. अकरावी-बारावीचे वर्ग कुठे शाळेला जोडले गेले, कुठे पदवी कॉलेजला. आधी इंटर सायन्सच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या, मार्कांवर मेडिकल-इंजिनिअरिंग ठरायचं, ते आता बारावीच्या मार्कांवर ठरू लागलं. ज्या परीक्षेची तयारी कॉलेज करून घेतं तिच्यावरच पुढचा प्रवेश, हे मात्र कायम राहिलं. शिकवण्या तेव्हाही होत्या. पुष्कळदा कॉलेजातलेच सर संध्याकाळी घरी घ्यायचे. बोर्डात मेरिटची मुलं काढणारा 'लातूर पॅटर्न' गाजला तोही याच चौकटीत. जादा तास, सराव परीक्षा, उजळणी हे सगळं कॉलेज करायचं आणि कॉलेजचेच प्राध्यापक करायचे.

मेडिकल-इंजिनिअरिंगसाठी राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा, सीईटी, आल्यावर बोर्डाचं वजन उतरायला लागलं. तरी आजचं इंटिग्रेटेड कॉलेज खरं घडलं ते २०१२ ते २०१७ या पाच-सहा वर्षांत. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. सरकारकडून अनुदान मागायचं नाही, फी स्वतः ठरवायची, या बोलीवर नवी ज्युनियर कॉलेजं निघाली. अनुदानित कॉलेजांत याच काळात शिक्षकभरती अडकलेली होती. सर निवृत्त झाले की त्यांचे तास वाटून घ्यायचे किंवा तासिकेवर कुणीतरी आणायचं.

त्यात प्रवेश परीक्षांचा गोंधळ. इंजिनिअरिंगला २०१४ आणि २०१५ मध्ये राज्याने जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा आणि बारावी यांना निम्मं-निम्मं वजन दिलं, २०१६ मध्ये पुन्हा सीईटीवर आले. जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला असलेलं ४० टक्के वजन २०१७ पासून गेलं. मेडिकलचं तर विचारायलाच नको. २०१३ ला नीट, म्हणजे देशभरासाठी एकच परीक्षा, आली, त्याच वर्षी न्यायालयाने रद्द केली, २०१६ च्या एप्रिलमध्ये परत आली. ५ मे २०१६ ला मुलांनी राज्याची सीईटी दिली. चारच दिवसांत ती धरता येणार नाही असं न्यायालयाने सांगितलं. २४ मेच्या अध्यादेशाने त्या वर्षापुरती ती पुन्हा ग्राह्य धरली गेली. त्या मे महिन्यात ज्यांच्या घरी बारावीचं मूल होतं त्यांना कोणत्या परीक्षेचा अभ्यास चालू ठेवायचा हे कॉलेज सांगू शकत नव्हतं. क्लासवाल्यांकडे सीईटी, नीट, जेईई या तिन्ही परीक्षांचे पेपर तयार होते.

कॉलेज आणि क्लास जोडायच्या व्यवस्था दोन तऱ्हेच्या झाल्या आणि वर्तमानपत्रांनी त्या कायम एकाच माळेत ओवल्या. टायअपमध्ये क्लासचे शिक्षक कॉलेजच्या इमारतीत येतात. फीच्या पावत्या दोन, मूल एकाच बाकावर. डमीमध्ये नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये. पालकांच्या बाजूने पाहिलं तर टायअपचं गणित सोपं आहे. सकाळी दादरला कॉलेज आणि दुपारी अंधेरीला क्लास करणाऱ्या मुलाचा लोकलमधला वेळ वाचतो.

जून २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. सुरुवात मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद आणि नागपूरपासून. उद्देश उघड होता: ७५ टक्के हजेरीचा नियम कागदावर राहिला होता, तो खरा करायचा. अनुदानित कॉलेजांतल्या शिक्षकांनी स्वागत केलं, त्यांचे वर्ग ओस पडत होते. क्लासवाल्यांचं म्हणणं, मूल काय शिकतं ते बघा, कुठे बसतं ते कशाला बघता. दोघांचंही थोडं खरं होतं. पण अंगठा मूल इमारतीत आलं एवढंच सांगतो. फळ्यासमोर कोण उभं आहे, त्याला पगार कोण देतं, बोर्डाचं पुस्तक उघडलं की प्रश्नसंच, हे यंत्राला कळायचा प्रश्नच नव्हता. टायअपवाल्या कॉलेजात मुलं सातच्या ठोक्याला हजरच असत, त्यांची हजेरी आपसूकच लागणार होती. पकडला जाणार होता तो डमीवाला, आणि फार तर अनुदानित कॉलेजात नाव घालून बाहेर क्लास लावलेला, दुपारी सटकणारा मुलगा. प्रवेशातून बारावीचे मार्क काढायचे आणि मग बारावीच्या वर्गाच्या दारात यंत्र लावायचं, यातली विसंगती शासन निर्णयात कुठेच आली नाही. २०१८ मध्येच क्लासवर नियंत्रण आणणाऱ्या कायद्याचा मसुदाही चर्चेत होता, त्याचा कायदा झाला नाही. मार्च २०२० ला कोविडमुळे कॉलेजंच बंद पडली, आणि २०२१ च्या बारावीचा निकाल परीक्षेविना, दहावी-अकरावी-बारावीच्या ३०:३०:४० सूत्रावर लागला.

या सगळ्यात मुलांचा दिवस कसा झाला, ते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये दिसतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत प्रत्येकी १०० पैकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे, आणि ते कॉलेजच्याच हातात. मग जानेवारीत प्रयोगशाळा उघडते. ज्या मुलीने मोलॅरिटीची दोनशे गणितं सोडवलीत तिच्या हाती ब्युरेट पहिल्यांदा येते, रंग बदलतो तिथे कॉक बंद करायचा राहतो, आणि रीडिंग शेजारणीच्या जर्नलमधून उतरतं. एरवी रोज डीपीपीचा, म्हणजे सरावाच्या प्रश्नांचा, कागद, रविवारी गोल काळे करायची ओएमआर परीक्षा, संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲपवर रँक. मार्क घसरले की बॅच बदलते आणि बॅचबरोबर मित्रही. गॅदरिंग, एनसीसी, एकांकिकेच्या तालमी जुन्या कॉलेजांत अजून दिसतात, त्याही बहुतेक आर्ट्स-कॉमर्सच्या जिवावर. पूर्वी अकरावी हे थोडं उनाडायचं वर्ष मानलं जाई. ते पार गेलं, याचं वाईट वाटणारी माणसं आता पन्नाशीपुढची आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, प्रवेश दहावीनंतरच, हा भाग बातम्यांत गाजला; आठवीपासूनच्या फाउंडेशन बॅचेसना त्याचा धक्का बसू शकतो. त्याच सूचनांत शाळा-कॉलेजच्या वेळेत क्लास घ्यायचा नाही असंही आहे, डमी रोखण्यासाठी. अंमलबजावणी राज्यांवर सोडली आहे. टायअपमध्ये क्लासचं वेळापत्रक हेच कॉलेजचं वेळापत्रक असतं, तिथे हे कलम कसं लावायचं ते त्या सूचनांत लिहिलेलं नाही.