कोंबड्यांच्या जातींचा स्वभाव

पाळीव कोंबडीच्या (गॅलस गॅलस डोमेस्टिकस) निरनिराळ्या जातींत माणसाची भीती, कळपातला भांडखोरपणा, खुडूक बसण्याची (अंडी घालणे थांबवून उबवत बसण्याची) ओढ, चपळाई आणि उडण्याची प्रवृत्ती यांबाबत आनुवंशिक फरक आढळतात. परसातल्या सहा-आठ पक्ष्यांच्या कळपात दोन-चार जाती एकत्र आल्या की ते ठळक होतात. कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत जातींची ‘शांत’ आणि ‘तापट’ अशी विभागणी असते, पण ती अपुरी आहे, कारण वरील गुण बऱ्याच अंशी एकमेकांपासून स्वतंत्रपणे वारशाने येतात. झुंजीसाठी निवडलेली असील ही जात याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. असील कोंबडी माणसाच्या हातात निवांत राहते, पिल्ले जिवापाड सांभाळते, पण बरोबरीच्या मादीशी रक्त निघेपर्यंत भांडते. उलट लेगहॉर्न माणूस जवळ येताच उडून कुंपणावर बसते, परंतु आपल्या कळपात क्वचितच कोणाला जखमी करते. म्हणून अमुक जात शांत आहे का, या प्रश्नाला ‘कोणाच्या बाबतीत?’ हा प्रतिप्रश्न जोडावा लागतो.

पूर्वज व मूळ स्वभाव : चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडी रानकोंबडी (गॅलस गॅलस) हा एकच असल्याचे मत मांडले. ते मुख्यतः टिकून आहे, पण त्याला एक दुरुस्ती झाली. पिवळ्या कातडीला कारण असलेला जनुक भारतातील करड्या रानकोंबडीकडून (गॅलस सोनेराटी) संकरातून आल्याचे २००८ मध्ये दाखवण्यात आले. तांबड्या रानकोंबडीची कोणती उपजाती माणसाळली याचे उत्तर २०२० मधील विस्तृत जनुकसंच-अभ्यासाने दिले. नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातील स्पॅडिसियस ही उपजाती पाळीव पक्ष्यांना सर्वांत जवळची ठरली. कालनिश्चितीचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. उत्तर चीनमधील उत्खननांत सापडलेल्या हाडांच्या आधारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वीचा काळ सांगितला जात असे. त्यांपैकी बरीच हाडे फेझंट या कोंबडीच्याच कुळातील रानपक्ष्यांची असावीत, असा आक्षेप पुढे आला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत थायलंडमधील बान नॉन वाट येथील अवशेष सर्वांत जुने व विश्वसनीय मानले आहेत. त्यांचा काळ इ. स. पू. सुमारे १६५० ते १२५० असा धरतात. भात व भरडधान्यांच्या शेतीकडे रानकोंबड्या ओढल्या गेल्या, हे त्या मांडणीतले स्पष्टीकरण हाडांच्या पुराव्याशी अधिक जुळते.

हा पूर्वज स्वभावाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रानकोंबडी अतिशय बुजरी असते, लहान गटात राहते, रात्री उंच फांदीवर बसते आणि वर्षातून थोडीच अंडी घालून ती स्वतः उबवते. आजच्या कोणत्याही जातीचा स्वभाव म्हणजे या मूळ संचातले काही गुण दाबलेले व काही वाढवलेले. स्वीडनमधील लिंकपिंग विद्यापीठात रानकोंबड्यांची केवळ ‘माणसाला कमी भिणे’ या एकाच गुणावर पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, तेव्हा थोड्याच पिढ्यांत पक्षी धीट झाले आणि त्यांचे वजनही वाढले. स्वभाव निवडीला लवकर प्रतिसाद देतो, हे यावरून दिसते. त्यामुळेच एकाच जातीच्या दोन पैदासकारांकडील पक्षी वेगळे वागू शकतात. जातींची प्रमाणके (अमेरिकन प्रमाणकाची पहिली आवृत्ती १८७४ ची) वजन, रंग, तुरा, ठेवण यांवर भर देतात. प्रदर्शनातल्या बक्षिसासाठी स्वभावाची निवड आपोआप होत नाही.

जड आशियाई जाती : कोचीन, ब्रह्मा व लँगशान या पायांवर पिसे असलेल्या थोराड जाती. कोचीन सर्वांत मंद. तिला ६० ते ९० सेंमी उंचीचे कुंपणही पुरते आणि ती वारंवार खुडूक होते. ब्रह्माच्या उगमाबद्दल एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. १८४० नंतर चीनमधून, मुख्यतः शांघाय बंदरातून, अमेरिका व इंग्लंडमध्ये मोठे पक्षी आले आणि त्यांच्या खरेदीचे वेडच लागले. अमेरिकन पैदासकार जॉर्ज बर्नहॅम यांनी १८५२ मध्ये असे पक्षी राणी व्हिक्टोरिया यांना भेट पाठवले. ही जात नावाप्रमाणे ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून जहाजाने आली, असे एका पक्षाचे म्हणणे होते. बर्नहॅम मात्र ती शांघाय पक्ष्यांचीच निवड असल्याचे सांगत. शांघाय पक्ष्यांचा तुरा एकेरी होता, ब्रह्माचा मात्र तीन बुटक्या ओळींचा असतो. असा तुरा चितगावकडील मलय वळणाच्या पक्ष्यांत आढळतो. त्यामुळे शांघाय व चितगाव पक्ष्यांचा संकर हे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रह्मा कोचीनपेक्षा चपळ व कळपात वरचढ असते, याचे एक कारण हा संकर असावा. सुमारे ५ किग्रॅ. वजनाचा ब्रह्मा कोंबडा सहसा हल्ला करत नाही, पण केवळ वजनामुळे लहान जातींच्या माद्यांच्या पाठीची पिसे उपटतो.

भूमध्यसागरी जाती : लेगहॉर्न, मिनोर्का, अँकोना, अँडालुशियन. या हलक्या, सतत चरणाऱ्या, क्वचितच खुडूक होणाऱ्या आणि अनोळखी हालचालीला चटकन दचकणाऱ्या जाती आहेत. कुंपण १.८ मी. पेक्षा बुटके असेल तर एका पंखाची उड्डाणपिसे छाटावी लागतात. दोन्ही पंख छाटल्यास तोल टिकतो आणि पक्षी तरीही उडी मारू शकतो. इजिप्तमधील फायुमी याहून बुजरी आहे. पकडल्यावर ती इतकी ओरडते की सारा कळप सैरावैरा होतो.

मध्यम जाती : प्लिमथ रॉक, ऱ्होड आयलंड रेड, ससेक्स, वायनडॉट, ऑर्पिंग्टन व तिच्यापासून ऑस्ट्रेलियात घडवलेली ऑस्ट्रालॉर्प. ऑर्पिंग्टनचा इतिहास बोधक आहे. विल्यम कुक यांनी १८८६ मध्ये केंट परगण्यात लँगशान व प्लिमथ रॉकबरोबर बुजऱ्या मिनोर्काचाही संकर करून ती तयार केली, तरी निष्पन्न झालेली जात सर्वांत सौम्य जातींत गणली जाते. पूर्वजांपेक्षा पुढची निवड प्रभावी ठरते, असा याचा अर्थ. ऱ्होड आयलंड रेड माणसाला भीत नाही. हाच धीटपणा कळपात वर्चस्व म्हणून उतरतो आणि मिश्र कळपात ती बहुधा वरच्या पायरीवर असते. वायनडॉटबद्दलही असेच म्हणतात.

झुबकेवाल्या व सौम्य जाती : पोलिश कोंबडीच्या कवटीवर उंचवटा असून त्यावर पिसांचा झुबका असतो. झुबक्यामुळे तिला वरचे व बाजूचे दिसत नाही, म्हणून ती दचकते. हा स्वभावदोष मुळात दृष्टीचा अडथळा आहे. डोळ्यांपुढची पिसे कापली की वागणे लक्षणीय बदलते. मात्र वाढत्या, रक्त असलेल्या पिसांना कात्री लावू नये. सिल्कीची पिसे एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे ती उडत नाही व लवकर भिजते. तेराव्या शतकात मार्को पोलोने चीनमधील केसाळ कोंबड्यांचा उल्लेख केला आहे तो याच वळणाच्या पक्ष्यांचा असावा. सिल्की वर्षातून अनेकदा खुडूक होते आणि कोणाचीही अंडी उबवते. फाव्हरोल ही दाढीवाली फ्रेंच जातही अशीच दबून राहणारी.

झुंजार जाती : असील, मलय, शामो. यांच्या पिल्लांत काही आठवड्यांच्या वयापासूनच गंभीर मारामाऱ्या होतात. दोन कोंबडे एकत्र ठेवताच येत नाहीत. कडकनाथ या गटात मोडत नाही. ती चपळ व लाजाळू असते आणि खुडूक बसण्यात बेभरवशाची.

स्वभावाचे मापन : भीती मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे निश्चलता चाचणी. पक्ष्याला उताणे ठेवून सुमारे १५ सेकंद हलकेच दाबून धरतात, हात काढतात आणि तो किती वेळाने उठतो ते मोजतात. कमाल मर्यादा बहुधा १० मिनिटे असते. निश्चलता जितकी लांब तितकी भीती अधिक. या अवस्थेचे वर्णन अथानासियस किर्शर यांनी १६४६ मध्येच केले होते, पण ते कोंबडीच्या कल्पनाशक्तीचा परिणाम म्हणून. येथे एक सावधगिरी हवी. इयन डंकन व सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास रेडिओयंत्राने हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा माणूस जवळ येऊन गेल्यावर उडून पळणाऱ्या वाणाचे ठोके ‘शांत’ वाणापेक्षा लवकर पूर्ववत झाले. स्तब्ध बसलेली कोंबडी निर्धास्त असेलच असे नाही. जातींची तुलना करणाऱ्या लोकप्रिय तक्त्यांत हा फरक जवळजवळ नेहमी निसटतो. पक्षी आपण होऊन जवळ येतो का, ही कसोटी अधिक विश्वासार्ह आहे.

चोच-क्रम : कळपातील प्रत्येक जोडीत कोण कोणाला टोचू शकते हे ठरलेले असते. हे नॉर्वेचे थोर्लिफ श्येल्डरुप-एब यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. पिल्लांत हा क्रम साधारण ६ ते १० आठवड्यांच्या वयात स्थिरावतो. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके, तुरा व मान यांवरून ओळखतात. हे भाग रंगवून किंवा झाकून बदलल्यास ओळखीची कोंबडीही परकी ठरते, हे गुल व ऑर्टमन यांनी १९५३ मध्ये दाखवले. पुरुष संप्रेरक टोचलेल्या माद्या क्रमात वर चढतात, हे १९३९ पासून माहीत आहे. मोठा तुरा, अधिक वजन, वय व धीटपणा यांचा वरच्या स्थानाशी संबंध असतो. म्हणून मिश्र कळपात एखादी जात स्वतः किती भांडखोर आहे यापेक्षा तिच्यात व इतरांत किती अंतर आहे हे महत्त्वाचे. चार फाव्हरोल एकत्र सुखाने राहतात, पण तीन ऱ्होड आयलंड रेडमध्ये एक फाव्हरोल सोडली तर ती खाद्यापर्यंत पोहोचत नाही.

पिसे टोचणे : हा प्रकार भांडणापेक्षा वेगळा आहे आणि दोन्हींची गल्लत केल्याने उपाय चुकतात. भांडणातली टोच डोक्यावर व तुऱ्यावर बसते. पिसे टोचणारी कोंबडी मागून येते, पाठ, शेपटीचे मूळ व गुदद्वाराजवळची पिसे उपटून पुष्कळदा खाते आणि ती क्रमात वरची असेलच असे नाही. धूळस्नानाची प्रेरणा चुकीच्या वस्तूकडे वळल्याने हे होते, असे एक मत आहे. जमीन उकरून चारा शोधण्याची प्रेरणा वळते, हे दुसरे मत. उकरायला भुसा किंवा काड मिळाल्यावर प्रमाण घटते, यामुळे दुसऱ्या मताला बळकटी येते. रंगाचाही वाटा आहे. रानकोंबडी व पांढरी लेगहॉर्न यांच्या संकर-संततीत रंगीत पक्षी पांढऱ्यांपेक्षा अधिक टोचले गेले, असे २००४ मध्ये आढळले. निवडीने ही सवयही बदलते. विल्यम म्यूर यांनी अंड्यांसाठी एकेक कोंबडी न निवडता एकत्र राहणारे संपूर्ण गट निवडले. १९९६ मधील अहवालानुसार पिंजऱ्यातील वार्षिक मृत्यू काही पिढ्यांत ६८ टक्क्यांवरून ८.८ टक्क्यांवर आले.

व्यवहारात तत्काळ पाहण्याच्या गोष्टी म्हणजे गर्दी, अति प्रखर उजेड, उवा-गोचिडी आणि खाद्यातील प्रथिन. अंड्यावरील कोंबडीला सुमारे १६ टक्के प्रथिन लागते, पिसे झडण्याच्या काळात १८ ते २० टक्के. मेथिओनिन हे प्रथिनातले अमिनो आम्ल कमी पडले तर पिसे खाणे वाढते. रक्त दिसलेला पक्षी जखम पूर्ण भरेपर्यंत वेगळा ठेवावा.

मिश्र कळपाची मांडणी : खुराड्यात दर पक्ष्यास किमान ०.४ चौ. मी. व बाहेर १ चौ. मी. जागा असावी, जड जातींसाठी याहून अधिक. दांडीवर हलक्या जातीला २० सेंमी व जड जातीला ३० सेंमी लांबी लागते. सर्व दांड्या एका उंचीवर ठेवल्यास वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी होणारी झटापट टळते, पण ब्रह्मासाठी ती उंची ६० सेंमी पेक्षा कमी हवी, नाहीतर उतरताना तळपायाला इजा होऊन गळू होते. सिल्कीला जमिनीलगत आडोसा पुरतो. खाद्य व पाण्याची भांडी किमान दोन ठिकाणी, एकमेकांपासून दिसणार नाहीत अशी ठेवावीत. एकाच भांड्यावर वरचढ पक्षी पहारा देतो.

खुडूक कोंबडी फुगते, गुरगुरते, हाताला टोचते. याला स्वभाव समजू नये, कारण ही तात्पुरती संप्रेरकजन्य अवस्था आहे. अंडी उबवायची नसतील तर तिला जाळीच्या तळाच्या, खालून हवा खेळणाऱ्या पिंजऱ्यात खाद्य-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवल्यास बहुधा तिचे खुडूकपण मोडते.

कोंबड्याच्या आक्रमकतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. हातावर वाढवलेला नर माणसाला प्रतिस्पर्धी मानू लागतो, म्हणून नर पिल्लांना लाडावू नये. आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरतो.

नवे पक्षी आणताना प्रथम सुमारे ३० दिवस वेगळ्या जागी ठेवावेत. त्यानंतर ७ ते १० दिवस जाळीच्या आडून दोन्ही गट एकमेकांना दिसू द्यावेत. एकटी कोंबडी कधीही सोडू नये, किमान दोन सोडाव्यात आणि शक्यतो त्या जुन्या पक्ष्यांच्या आकाराच्या असाव्यात. तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) १४ ते १६ आठवड्यांच्या झाल्यावर मिसळाव्यात. अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते व ते तलंगांच्या मूत्रपिंडांना अपाय करते, म्हणून या काळात सर्वांना वाढीचे खाद्य देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. रात्री दांडीवर गुपचूप नवे पक्षी बसवण्याचा सल्ला रूढ आहे. त्यात अडचण अशी की पहाटे बंद खुराड्यात, पळायला जागा नसताना, पहिली मारामारी होते. मोकळ्या अंगणात दिवसा सोडणे बरे. दोन आठवड्यांनंतरही एकच कोंबडी पाठलाग करत राहिली तर बळी पडणाऱ्या पक्ष्याला नव्हे, त्या पाठलाग करणारीला नजरेआड काढावे. आठवडाभराने परत येताना तिला आपले स्थान पुन्हा मिळवावे लागते आणि तोवर नव्या पक्ष्यांचा कळपात जम बसलेला असतो.