उन्हाळ्यातलं इंजिन ऑइल: डब्ल्यूच्या पुढचा आकडा बघा

मार्च सरला की विदर्भातल्या गॅरेजांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "उन्हाळा आहे, जरा घट्ट ऑइल टाका." हा सल्ला निम्मा खरा आहे. कोणत्या गाडीला तो लागू पडतो, हे बाहेर पारा किती चढलाय यापेक्षा तुमचं इंजिन थंड कसं होतं त्यावर ठरतं.

आधी डबा वाचू. त्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असं छापलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. ही प्रतवारी एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेची. डब्ल्यूच्या मागचा आकडा कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू करताना तेल किती दाट राहतं ते सांगतो. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. लेह-लडाखला निघालात तर तो बघा. अकोल्यात किंवा जळगावात, तेही मे महिन्यात, तो जवळजवळ शोभेचाच. आपल्या कामाचा आकडा डब्ल्यूच्या पुढचा. तो तेल १०० अंशांना तापल्यावर त्यात किती दाटपणा उरतो, त्याचा आहे. दाटपणा मोजायचं एकक सेंटिस्टोक; खोलीच्या तापमानाचं पाणी साधारण १ सेंटिस्टोक. १०० अंशांना '३०'चं तेल ९.३ ते १२.५च्या दरम्यान असावं लागतं, '५०'चं १६.३ ते २१.९च्या.

प्रयोगशाळेत हेच तेल ४० अंशांनाही मोजतात. चंद्रपुरात त्यासाठी वेगळं तापवायची गरज नाही, मे महिन्यात दुकानाच्या फळीवर ठेवलेलं तेल आपोआप तेवढं होतं. या तापमानाला २०डब्ल्यू-५० ऑइल साधारण १५० सेंटिस्टोक भरतं, १०० अंशांना १८च्या आसपास. म्हणजे आठपट पातळ! आणि पिस्टन, बेअरिंग यांना घासण्यापासून वाचवणारा, केसाहूनही बारीक असा तेलाचा थर याच पातळ झालेल्या तेलाने टिकवायचा असतो.

दाटपणाची ही घसरण आवरायला तेलात पॉलिमर मिसळतात. या लांबलचक साखळ्या थंड तेलात आखडून बसतात आणि तापल्या की उलगडतात. उलगडलेल्या साखळ्या तेलाच्या वाहण्याला आडव्या येतात, म्हणून ते फार पातळ होत नाही. युक्ती झकास आहे, पण मोटरसायकलमध्ये तिला एक वैरी भेटतो. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल असतं. गिअरचे दाते या साखळ्या अक्षरशः तोडत राहतात. डब्यावर ५० लिहिलेलं असलं तरी काही हजार किलोमीटरनंतर आतलं तेल ४०सारखं वागू लागलेलं असू शकतं. मग गिअर खडखडतात, न्यूट्रल सापडत नाही, आणि आपण क्लचच्या केबलला दोष देतो.

आता थंड होण्याचा मुद्दा. कारच्या इंजिनभोवती कूलंट खेळतं आणि थर्मोस्टॅट त्याला ९० अंशांच्या आगेमागे धरून ठेवतो. बाहेर २५ असो की ४५, रेडिएटर आणि पंखा धड असतील तर आतल्या तेलाला फारसा फरक कळत नाही. म्हणून ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या नव्या कारमध्ये केवळ ऊन वाढलं म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणं मला अजिबात पटत नाही. त्या इंजिनातल्या फटी, तेलाचा पंप आणि बारीक वाहिन्या पातळ तेल धरूनच आखलेल्या असतात. दाट तेल तिथे उशिरा पोचतं, शिवाय स्वतःच्याच घर्षणाने जास्त तापतं. ॲव्हरेज पडतं ते वेगळंच.

एअर-कूल्ड बाइकचं गणित निराळं. तिच्या सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ पट्ट्या (फिन) हवेला उष्णता देतात, आणि हवाच २० अंशांनी तापली असेल तर इंजिनही साधारण तेवढंच जास्त तापतं. गाडी पळते तोवर निभतं. उभी राहिली की वारा बंद. नागपुरात ऐन उन्हाळ्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात. ते माणसांची डोकी तापू नयेत म्हणून, पण सिग्नलला धडधडत उभ्या राहणाऱ्या इंजिनांचंही त्यात भलं होतं. अशा बाइकच्या मॅन्युअलमध्ये कधीकधी तापमानाचा तक्ता असतो, कोणतं ऑइल किती अंशांपर्यंत चालेल याच्या आडव्या पट्ट्या. त्यात दोन-तीन पर्याय दिले असतील तर उन्हाळ्यासाठी पुढचा आकडा मोठा असलेला घ्यावा. गॅरेजचा सल्ला खरा ठरतो तो इथे. मॅन्युअलमध्ये एकच ग्रेड असेल तर तीच टाका.

बाइकसाठी डब्यावर जासो या जपानी मानक संस्थेची एमए किंवा एमए-२ ही खूणही हवी. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, आणि बाइकच्या क्लच प्लेट तेलात बुडालेल्या असतात. त्या घसरू लागल्या की इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच तेलाबाहेर असतो, म्हणून तिला जासोचीच एमबी खूण चालते.

मात्र उन्हाळ्यात बाइक बिघडण्याचं कारण चुकीच्या ग्रेडपेक्षा कमी पडलेलं तेल असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. तापलेलं तेल उडून जातं. हे मोजायची चाचणीसुद्धा आहे: तेल तासभर २५० अंशांना ठेवायचं आणि वजनात किती घट झाली ते बघायचं. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने कारच्या तेलासाठी ठरवलेल्या एसएन दर्जाला १५ टक्क्यांपर्यंत घट चालते. चांगली सिंथेटिक ऑइल यात खनिज तेलांपेक्षा सरस ठरतात. त्यात उष्णतेने तेल कुजतंही लवकर. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी अभिक्रिया दुप्पट वेगाने होते. कारमध्ये तीन-चार लिटर तेल असतं, त्यातलं पाव लिटर गेलं तर चालून जातं. १०० सीसीच्या बाइकमध्ये सगळं मिळून लिटरभर. तिथे पाव लिटर गेलं की उरलेल्या पाऊण लिटरवर तेवढीच उष्णता पडते, ते आणखी तापतं आणि आणखी लवकर संपतं.

तेव्हा एप्रिल-मेमध्ये दर पंधरवड्याला डिपस्टिक बघा. इंजिन बंद करून चार-पाच मिनिटं जाऊ द्या, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, काडी पुसून पुन्हा घाला. बऱ्याच बाइकमध्ये ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. फिरवून घट्ट बसवली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, त्यातलं डिटर्जंट काजळी धरून ठेवतंय एवढाच त्याचा अर्थ. पातळी खालच्या खुणेजवळ आली असेल तर त्याच ग्रेडचं ऑइल थोडं थोडं ओतून वरच्या खुणेपर्यंत आणा. वरची खूण मात्र ओलांडू नका, कारण जादा तेल क्रँकच्या फटक्यांनी फेसाळतं, आणि फेसाला वंगण म्हणून काही किंमत नसते.