मूळ ग्रिप की ओव्हरग्रिप? जाडीचा प्रश्न वेगळा, घामाचा वेगळा

तालुक्याच्या स्पोर्ट्सच्या दुकानात ‘बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप द्या’ म्हटलं, की काउंटरवर दोन तऱ्हेची पाकिटं येतात. कोणती घ्यायची विचारलं तर उत्तर बहुतेक ठरलेलं: “कोणतीही ने ना भाऊ, दोन्ही गुंडाळाच्याच हायेत.” गुंडाळायच्या दोन्ही आहेत, हे खरं. पण एक पट्टी थेट दांड्याच्या लाकडावर बसते आणि दुसरी त्या पहिलीवर. पहिलीला रिप्लेसमेंट ग्रिप म्हणतात, आपण मूळ ग्रिप म्हणू. दुसरी ओव्हरग्रिप. दांडा हातात किती जाड वाटावा आणि किती मऊ लागावा, हे मूळ ग्रिप ठरवते. ओव्हरग्रिपचं मुख्य काम घामाशी आहे. आपल्याकडे घामावरचा इलाज म्हणून जाडी वाढवतात आणि मग मनगट फिरत नाही म्हणून रॅकेटला शिव्या देतात.

ओळखायला सोपं आहे. मूळ ग्रिप बोटांत दाबून पाहिली तर फोमसारखी दबते, जाडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर. मागच्या बाजूला लांबीभर चिकट पट्टा असतो आणि त्यावर कागद. ओव्हरग्रिप पातळ, 0.6 मिलिमीटरच्या आसपास. योनेक्स कंपनीची सगळीकडे दिसणारी ओव्हरग्रिप 25 मिलिमीटर रुंद आणि 1200 मिलिमीटर लांब असते. ओव्हरग्रिपला गोंद फक्त एका टोकाला, तोही बोटाच्या पेराएवढा. बाकी सगळी ती ताणावर बसते आणि वरच्या टोकाला छोट्या टेपने बंद होते. तिच्या दर्शनी बाजूवर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो गुंडाळण्याआधी काढायचा असतो. गावागावांत हा पापुद्रा तसाच ठेवून खेळणारी पोरं दिसतात, कारण ‘चकचकीत दिसते ना’. मग रॅकेट हातातून सटकते आणि दोष कंपनीला.

आता जाडीचं. बॅडमिंटनच्या रॅकेटवर, दांडा संपून शाफ्ट (पुढची बारीक नळी) सुरू होते तिथल्या शंकूवर, 4यूजी5 किंवा 3यूजी4 असं काहीतरी छापलेलं असतं. यू म्हणजे वजन: 3यू म्हणजे 85 ते 89 ग्रॅम, 4यू म्हणजे 80 ते 84. जी म्हणजे दांड्याची जाडी, आणि इथे योनेक्सची गिनती उलटी चालते. आकडा मोठा तितका दांडा बारीक, म्हणजे जी5 हा जी4 पेक्षा बारीक. टेनिसमध्ये मात्र आकडा वाढला की दांडा जाड होतो. एल2 म्हणजे सव्वाचार इंच घेर, एल3 म्हणजे त्याहून एक अष्टमांश इंच जास्त. त्यामुळे टेनिसवाल्या दादाचा सल्ला बॅडमिंटनला जसाच्या तसा लावू नये. एक ओव्हरग्रिप चढवली की दांडा साधारण अर्ध्या साइजने वाढतो. रोज ओव्हरग्रिप लावायचीच असेल तर दांडा मुळात बारीक घेतलेला बरा. बारीक दांडा जाड करता येतो, जाड दांडा तासून बारीक करायला कोणी बसत नाही.

बॅडमिंटनचा दांडा गोल नसतो, आठ बाजूंचा असतो, आणि त्या कडांना काम आहे. फोरहँडवरून बॅकहँडवर जाताना अंगठा रुंद बाजूवर सरकतो, आणि तो कुठे आहे हे डोळ्यांनी नाही, कडांवरून कळतं. जुन्या मूळ ग्रिपवर नवी मूळ ग्रिप, तिच्यावर ओव्हरग्रिप, वर्षभराने आणखी एक, असं केलं की कडा बुजतात आणि दांडा गोल दंडुका होतो. जाड दांडा बोटांनी फिरत नाही, मुठीत आवळावा लागतो, आणि मग सगळा फटका कोपरावर येतो. दिवसभर कुऱ्हाड किंवा फावडं धरलेल्या हाताला आवळून धरायची सवय असतेच. बॅडमिंटनला त्याच्या नेमकं उलट हवं असतं: हात सैल, आणि फक्त फटक्याच्या क्षणी बोटं घट्ट. म्हणून शेतात राबणाऱ्या गड्याला मी जाड ग्रिप कधीच सुचवणार नाही, त्याचा पंजा कितीही मोठा असो.

मूळ ग्रिप बदलायची कधी? ती दबून कडक झाली, फाटली किंवा खालचं लाकूड हाताला लागायला लागलं की. जुनी पूर्ण काढायची, लाकडाला चिकटलेले तुकडे खरवडायचे, बुडाशी स्टेपलची पिन असेल तर ती उपटायची, मग नवी बसवायची. ओव्हरग्रिपचं तसं नाही. ती खर्ची पडायचीच वस्तू आहे: काळी पडली, गुळगुळीत झाली की उतरवायची. जुनीवर नवी नाही, जुनी काढून नवी. नुसत्या लाकडावर ओव्हरग्रिप लावणारेही असतात. अनुभवी खेळाडू दांडा बारीक राहावा म्हणून मुद्दाम तसं करतात, पण त्यात गादी जवळजवळ नसते आणि नवख्याच्या तळहाताला फोड येतात. कापूस वेचून बोटांना बोंडाचे काटे लागलेले असतील तर तो प्रयोग करूच नये.

वजनाचा फरक छोटा, पण हाताला कळतो. ओव्हरग्रिप साधारण 5 ग्रॅमची, मूळ ग्रिप त्याहून बरीच जड. हे वजन दांड्याकडे पडतं, त्यामुळे तोल मागे सरकतो आणि रॅकेटचं डोकं, म्हणजे जाळीचा भाग, हलकं वाटायला लागतं. स्मॅशसाठी, म्हणजे वरून जोरात खाली मारायच्या फटक्यासाठी, डोक्याकडे जड रॅकेट निवडून घेतली आणि वर दोन-तीन पट्ट्या चढवल्या, तर निवडीचे पैसे वाया.

विदर्भातला घाम मोसमाप्रमाणे बदलतो, म्हणून ओव्हरग्रिपही बदलावी. अकोला-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, पण हवा कोरडी, घाम लवकर सुकतो. खरा त्रास पावसाळ्यातल्या दमट उकाड्यात. चिकट ओव्हरग्रिप कोरड्या हातात छान धरते, हात भिजला की तिचा चिकटपणा जातो. तेव्हा घाम शोषणारी कोरडी ओव्हरग्रिप, नाहीतर सुती टॉवेल ग्रिप बरी. टॉवेल ग्रिप घाम भरपूर पिते, पण जाड असते, लवकर कुबट वास मारते आणि वारंवार बदलावी लागते. दिवाळीनंतर शाळेच्या पटांगणात चुन्याने कोर्ट आखून, हॅलोजन लावून खेळ सुरू होतो, तेव्हा चिकट ओव्हरग्रिप शोभते. फक्त ती जमिनीवर टाकू नका. काळ्या मातीची धूळ बसली की चिकटपणा गेलाच.

गुंडाळताना बुडापासून सुरुवात, निमुळतं टोक खाली, पट्टी किंचित ताणून, प्रत्येक फेऱ्यात दोन-तीन मिलिमीटर आधीच्या फेऱ्यावर. जास्त चढवली तर दांडा उगाच जाड होतो. दिशा अशी, की मूठ वळली तर पट्टी आवळावी, सुटू नये. डावखुऱ्याची दिशा त्यामुळे उजव्याच्या उलटी. नागपूरची मालविका बनसोड, जिने 2022 च्या इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं, डावखुरीच आहे. तिला बघून डाव्या हाताने खेळू लागलेल्या पोरीच्या रॅकेटवर दुकानदाराने सवयीने उजवी गुंडाळी केली, तर ती थोड्याच दिवसांत कडेने उकलायला लागेल.

लहान पोरांना मोठ्या भावाची रॅकेट मिळते. देण्याआधी तिच्यावरच्या सगळ्या ओव्हरग्रिप काढा. नवीन काही लावायची गरज बहुधा पडतच नाही.

पिकलबॉल या टेनिससारख्या खेळाचं पॅडल (जाळी नसलेली फळी) आता शहरांतून इकडे सरकतंय. त्याच्या दांड्याचा घेर साधारण चार ते साडेचार इंच, हिशोब टेनिससारखा, आणि टेनिसची ओव्हरग्रिप त्यावर चालते. दांडा आखूड असल्यामुळे पट्टी उरते, ती कापून टाकायची. टेबल टेनिसला मात्र यातलं काहीच नको. तिथे लाकडी दांड्याचा आकारच, सरळ की खाली रुंद होत जाणारा, हाताने पारखून घ्यायचा.

उतरवलेली ओव्हरग्रिप सायकलच्या हँडलला गुंडाळली तर चालते. फवारणीच्या पंपाच्या दांड्याला मात्र नको, तिच्यात औषध मुरतं आणि ते पुढे हाताला लागत राहतं.